दहापैकी नऊ

मधुवंतीनं कागदावर चार लिहिलं, आणि शेजारच्या चौकोनात, जिथं आपली खात्री एक ते दहा अशा आकड्यांत लिहायची होती, तिथं नऊ. खरं तर ती दहाच लिहिणार होती. पण वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एकोणीस-वीस वर्षांच्या ऐंशी मुलामुलींच्यात बसून दहा लिहिणं आगाऊपणाचं दिसेल असं वाटून तिनं एक कमी केला. समोरच्या पडद्यावर सहा पुरुषांचे चेहरे होते आणि चौथा चेहरा तिला जवळजवळ हाक मारत होता. वीस मिनिटांपूर्वी, लेक्चर ऐन रंगात आलेलं असताना, बाजूच्या दारातून एक माणूस आत आला होता, लेक्चररबाईंशी काहीतरी तुटक बोलला होता, आणि टेबलावरची तिची लॅपटॉपची बॅग उचलून सरळ निघून गेला होता. दार धाडकन आपटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी 'कॉल सिक्युरिटी' म्हणून ओरडलं. लेक्चरर, म्हणजे अनाहेरा, तोंडावर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग अगदी शांतपणे पुढची स्लाइड लावून म्हणाली की तुम्ही आत्ता काय पाहिलंत ते लिहा, एकमेकांशी बोलू नका. तेव्हाच मधुवंतीच्या लक्षात आलं की हे नाटक होतं, आणि तिच्या अंगातून एक लाट सरसरत गेली. परीक्षेत नेमका आपण तयार केलेला प्रश्न यावा तसं. बाकीच्यांचं ठाऊक नाही, पण मी पाहिलंय, असं तिला वाटलं. मी नेहमीच पाहते. तिनं भराभर लिहिलं: वय पंचवीसच्या आसपास, सडपातळ, गव्हाळ, बारीक दाढी, काळे केस, काळी हुडी. मग पडद्यावर ते सहा चेहरे आले.

"चार नंबर कुणी लिहिला?" अनाहेरानं विचारलं. पंचवीस-तीस हात वर झाले. मधुवंतीचा पहिला. अनाहेरानं सगळ्या हातांकडं एकदा मायेनं पाहिलं आणि म्हणाली, "या सहांत तो माणूसच नाहीये." आणि बाजूच्या दारातून तो बॅग घेऊन परत आला. पंचेचाळिशीचा गोरा गृहस्थ, चष्मा, गुळगुळीत दाढी केलेली, हिरवं जाकीट. डिपार्टमेंटचा टेक्निशियन. त्यानं डोक्यावरची लोकरीची टोपी काढून सगळ्यांना 'किया ओरा' असा माओरी नमस्कार केला, तर टोपीखाली टक्कल. हॉल हसण्यानं दणाणला. मधुवंतीच्या शेजारी बसणारी टेसा नावाची मुलगी तर डोकं बाकावर टेकवून हसत होती. तिनं पाच नंबर लिहिला होता. मधुवंती हसली नाही. ती आपल्याच अक्षरातल्या 'काळे केस' या शब्दांकडं बघत राहिली. हे केस तिनं त्याला दिले होते. दाढी तिनं दिली होती. वीस वर्षं तिनं कमी केली होती आणि रंग, तिचा स्वतःचाच रंग, तिनं त्या माणसाला फासला होता. हे सगळं करताना तिला एकदाही असं वाटलं नव्हतं की आपण काही करतोय. ती फक्त बघत होती. आणि मग तिचा उजवा तळवा ऊबदार झाला. खरोखर झाला. तळव्याखाली तिला एक खांदा लागला, घामानं ओलसर झालेल्या सुती शर्टातला, हाडकुळा, आणि तो खांदा तिच्या हाताखाली एकदाच, अगदी किंचित, खाली गेला.

सतरा वर्षांची होती ती तेव्हा. आईबरोबर मंडईतून परत येताना मागून स्कूटर आली, आणि आईच्या गळ्यात हात घालून मंगळसूत्र हिसकावून गेली. आई रस्त्यात बसली. पिशवीतली वांगी उतारावरून घरंगळत गेली. मधुवंतीनं चोराचा चेहरा पाहिला, असं तिनं त्याच दिवशी संध्याकाळी चौकीत सांगितलं, आणि तेव्हापासून सत्तावीस वर्षं ती सांगत आली होती. महिन्याभरानं तिला जेलच्या आवारात ओळख परेडला नेलं. भिंतीपाशी सात माणसं ओळीनं उभी होती, दोन पंच होते, एक मॅजिस्ट्रेट होते. ज्याला ओळखाल त्याच्या खांद्यावर हात ठेवा, असं ते म्हणाले. ती ओळीच्या एका टोकापासून निघाली, चौथ्या की पाचव्या माणसापाशी थांबली आणि तिनं हात ठेवला. बाबा बाहेर येऊन सगळ्यांना सांगत होते, पोरगी जराही डगमगली नाही. पुढं अकरा महिन्यांनी कोर्टात साक्षसुद्धा दिली तिनं. तिथंही त्याच्याकडंच बोट दाखवलं. त्या जूनमध्ये ती कराडला इंजिनिअरिंगला गेली, आणि हॉस्टेलच्या फोनवर बाबांनी सांगितलं, झाला निकाल, शिक्षा झाली त्याला. दोन वर्षं. मेसच्या दारात उभी राहून तिनं ते मैत्रिणींना सांगितलं आणि टाळ्या पडल्या. मग लग्नात, सासरी, ऑकलंडला आल्यावर इथल्या मंडळाच्या गणपतीत, भिशीत, सगळीकडं कुणीतरी म्हणायचंच, मधुवंती, ती चोराची गोष्ट सांग ना. ती सांगायची. तिला ती गोष्ट फार छान सांगता यायची. पेनरोजच्या पॅकेजिंग कारखान्यात ती क्वालिटीला होती. दिवसभर पट्ट्यावरून जाणाऱ्या हजारो झाकणांमधलं एक तिरकं झाकण तिची नजर अचूक उचलायची, आणि सुपरवायझर म्हणायचा, तुझ्या डोळ्यांना पगार वेगळा द्यायला हवा. गेल्या वर्षी, लेक वल्लरी मोठी झाल्यावर, तिनं आठवड्याचे दोन दिवस कमी करून घेतले आणि क्रिमिनल जस्टिसच्या डिग्रीला अर्ज केला, तेव्हा 'हा विषय का निवडलात?' या रकान्यात तिनं तीच गोष्ट लिहिली होती. सतराव्या वर्षी मी एका चोराला ओळखलं, आणि न्याय होताना पाहिला.

लेक्चर संपल्यावर मुलं खिदळत, एकमेकांचे कागद हिसकावत बाहेर गेली. मधुवंती बसून राहिली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, किंवा निदान लाज तरी वाटेल. पण जे होत होतं ते निराळंच होतं. तिची कानशिलं तापली होती, हातापायांत मुंग्या होत्या, श्वास उथळ आणि भराभर चालला होता, आणि या सगळ्याचं नाव भीती असावं असं धरून ती ते तपासायला गेली तर ते भीतीसारखं नव्हतंच. ते आनंदासारखं होतं. लहानपणी गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर एकीच्या जागी दुसरी रेघ ओढली आणि अख्खी आकृती उलटी होऊन दिसायला लागली, तेव्हा जसं वर्गातून उठून पळावंसं वाटलं होतं, तसं. अनाहेरा वायरी गुंडाळत होती. पहिल्या दिवशी मधुवंतीनं तिला मॅडम म्हटलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, मॅडम माझी आजीसुद्धा नव्हती, अनाहेरा म्हण. अजूनही ते जड जायचं.

"अनाहेरा," ती जवळ जाऊन म्हणाली, "ज्यांनी नऊ लिहिलं, आणि ज्यांनी तीन लिहिलं, त्यांच्यात जास्त बरोबर कोण असतं?"

"आज तर दोघंही सारखेच चुकले, नाही का?" अनाहेरा म्हणाली. "पहिल्याच क्षणी, कुणी काही सुचवायच्या आत आलेली खात्री थोडीफार कामाची असते. पण महिन्यांनंतरची खात्री? मधे कुणी फोटो दाखवलेला असतो, कुणी शाबासकी दिलेली असते. ती खात्री त्या सगळ्यांची मिळून झालेली असते." तिनं मधुवंतीकडं नीट पाहिलं. "यू ऑलराइट?"

"आय ॲम हीप्स ऑलराइट," मधुवंती म्हणाली, आणि आपलं इंग्रजी चुकलं हे कळून स्वतःच हसली. आणि हसता हसताच तिला तो फोटो दिसला.

चौकीतलं टेबल. टेबलावर काच. हवालदारानं तिच्यासाठी चहा मागवला होता, कपाला कान नव्हता म्हणून तिनं तो ओढणीत धरला होता. आणि ते ओळख परेडच्या आधी होतं, चांगलं आठ-दहा दिवस आधी. हवालदार अगदी प्रेमानं म्हणाला होता, बघ बाळ, हा वाटतो का? एकच फोटो. सहा नव्हते, दोनही नव्हते. एक. सत्तावीस वर्षं ती गोष्ट सांगताना या फोटोला तिच्या गोष्टीत जागाच नव्हती. तिनं तो लपवला नव्हता. तो नुसता तिथं नव्हता. मग जेलच्या भिंतीपाशी तिनं ओळखला तो कोण? स्कूटरवरचा की काचेवरचा?

गाडी घेऊन ती निघाली ती घरी न जाता देशी दुकानांच्या सँडरिंगहॅमला गेली. कोथिंबीर आणि पोहे आणायचे होते, हे खरं. पण मुख्य म्हणजे तिला माणसं बघायची होती. दुपारची वेळ, मिठाईच्या दुकानासमोर गाड्यांची रांग, जँडल्स, म्हणजे रबरी चपला, फटफटवत चाललेली माणसं, एक सरदारजी, दोन फिजीच्या बायका, हाताशी मुलं. ती किराणा दुकानाच्या दारात उभी राहून एकेक चेहरा पाहायची, डोळे मिटायची आणि त्यातलं काय उरतं ते तपासायची. काहीच उरत नव्हतं. नाक जायचं, कान जायचे, उरायचा तो एक पुसट ठसा आणि त्यावर मन घाईघाईनं काहीबाही चिकटवायला लागायचं. तिला तो चिकटवणारा हात जणू रंगेहाथ सापडत होता. पुन्हा पाहिलं की खरा चेहरा वेगळाच निघायचा, जास्त तिरपागडा, जास्त जिवंत. ती इतकी रंगून गेली की दुकानाच्या मालकीणबाई नीताताई आतून म्हणाल्या, "काय गं मधुवंती, कुणाची वाट बघतेस का?"

"नाही हो. बघणं शिकतेय."

"बरंय बाई तुझं," नीताताई म्हणाल्या. "कोथिंबीर आज ताजी नाहीये, आधीच सांगते."

हिल्सबरोच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मानुकाऊची खाडी दिसते. ओहोटीला तिथं नुसता चिखल चमकत असतो. त्या संध्याकाळी जेवताना तिनं सगळं सांगितलं, टक्कल, टोपी, काळे केस, फोटो. ती इतक्या वेगानं बोलत होती की पोळी ताटातच राहिली. मकरंद, तिचा नवरा, पुलांची डिझाइनं करणारा शांत माणूस. तो ऐकत होता, आणि तिच्या लक्षात आलं की त्याला तिच्या उत्साहाचीच काळजी वाटतेय.

"म्हणजे तुझं म्हणणं, तो माणूस तो नव्हता?"

"मला माहीत नाही! तेच तर! मला माहीत नाही हे मला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माहीत झालंय."

"आई," वल्लरी म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. "सो वॉट इफ ही डिडन्ट डू इट? लाइक, ही वेंट टू प्रिझन."

मधुवंतीला जाणवलं की सकाळपासून आपण या वाक्याच्या भोवती भोवती पळत होतो. एका माणसाची दोन वर्षं. जर तो नसेल, तर ती दोन वर्षं तिनं आपल्या उजव्या हातानं घेतली होती, आणि मेसच्या दारात त्यावर टाळ्या मिळवल्या होत्या. उत्साह ओसरला नाही. तो जास्त खोल, जास्त काळा झाला, पण धडधड तीच राहिली. मकरंद हळूच म्हणाला, "इतक्या वर्षांनी उकरून काय मिळणार, मधू? तू लहान होतीस. पोलिसांनी केलं, कोर्टानं केलं."

"हात माझा होता," ती म्हणाली. आणि ताट तसंच ठेवून तिनं पुण्याला फोन लावला.

प्रमोद तिचा धाकटा भाऊ. चोरी झाली तेव्हा तो बारा वर्षांचा होता; आता पुण्यात वकिली करतो. त्याला वाटलं ताई अभ्यासासाठी काहीतरी विचारतेय. जुन्या केसचे कागद बघायचेत म्हटल्यावर तो आधी हसला. "ताई, अगं एवढी जुनी फाईल कोण ठेवतंय? पंचनामे, जबाब सगळे केव्हाच नष्ट केले असतील. निकालपत्र तेवढं मिळालं तर मिळेल. आरोपीचं नाव काय?"

नाव. सत्तावीस वर्षं तो 'तो' होता. भर कोर्टात पुकारलं असणार, साक्षीच्या कागदावर असणार, तिनं ऐकलेलं असणार. "नाव मला माहीत नाही," ती म्हणाली.

"बरं," प्रमोद म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आईच्या नावावरून शोधतो."

पुढचे तीन आठवडे ती इतकी जागी होती, जितकी आयुष्यात कधी नव्हती. कारखान्यात पट्ट्यासमोर उभी राहून ती झाकणं बघायची आणि स्वतःला विचारायची, हे तिरकं आहे की तुला तिरकं हवंय? आणि काढून मोजपट्टी लावायची. दोनदा ती चुकलेली निघाली, आणि तिला असा आनंद झाला की शेजारच्या पट्ट्यावरच्या हरीशनं विचारलं, काय झालं बाई, लॉटरी लागली काय. लायब्ररीतून आणलेले संशोधनाचे लेख ती डब्यासोबत वाचायची, पोळीचं तेल पानांना लागायचं. तीच तीच अक्षरं, तेच तेच प्रयोग, अनोळखी देशांतल्या अनोळखी लोकांचे, पण प्रत्येकात तिचीच भिंत, तिचीच सात माणसं. आणि जसजसं ती वाचत गेली, तसतशी ती दुपार तिच्या हातातून निसटत गेली. स्कूटर निळी होती? की पांढरी? चोर मागं बसला होता की पुढं? तिला कोर्टातला दिवस आठवायचा तो फक्त बाहेरच्या बाकाचा. आईची साक्ष आधी होती, म्हणून ती बाहेर बसली होती. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते. आई अर्ध्या तासानं बाहेर आली, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं आणि काही न बोलता तिच्या केसांवरून हात फिरवला. मग तिचं नाव पुकारलं गेलं. आत काय झालं यातलं तिला आपलं बोट दाखवणं आठवत होतं, दुसरं काही नाही. टेसाशी तिची आता छान गट्टी जमली होती. टेसा म्हणाली, तू मला घाबरवतेस, माझी आई या वयात क्रूझवर जाते. तर मधुवंती म्हणाली, मीही प्रवासातच आहे. आणि रोज, दिवसातून दहा वेळा, ती फोन बघायची.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, कामाची पाळी संपवून ती कारखान्याच्या आवारात गाडीत बसली, पायातले लोखंडी टोकाचे बूट काढले, आणि फोन वाजला. प्रमोदनं चार पानांचे फोटो पाठवले होते. खाली एकच ओळ: 'ताई, आधी नीट वाच, मग बोलू.' जुन्या टाइपरायटरची अक्षरं, काही शाईनं भरून आंधळी झालेली. तिला पहिल्यांदा दिसलं ते नाव. आरोपी बाळासाहेब, वय तेवीस, धंदा रंगकाम. ती तिथंच थांबली. तेवीस. रंगकाम. त्याच्या शर्टाला, आठवतंय की आता मी चिकटवतेय, चुन्याचा वास होता का? नको. तिनं स्वतःला बजावलं, फक्त वाच. मग तिनं घाई केली, शेवटच्या पानावर उडी मारली, आणि शेवटच्या परिच्छेदात वाचलं की आरोपीस संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त करण्यात येत आहे.

ती पुन्हा वाचायला लागली. पुन्हा. मग पहिल्यापासून, प्रत्येक अक्षर. शिक्षा झालेलीच नव्हती. बाबा फोनवर खोटं बोलले होते. बाबा, जे पाच वर्षांपूर्वी गेले, जे ऑकलंडला आले की मंडळाच्या गणपतीत तिची गोष्ट चाललेली असताना पहिल्या रांगेत मान डोलावत बसायचे. पण अकरा महिने तो माणूस कच्च्या कैदेत होता, तेही लिहिलं होतं. तिसऱ्या पानावर ती स्वतः होती, सरकार पक्षाची साक्षीदार क्रमांक दोन. 'उलटतपासणीत साक्षीदाराने प्रांजळपणे कबूल केले की, ओळख परेडपूर्वी तिला चौकीत आरोपीचा एक फोटो दाखवण्यात आला होता.' म्हणजे तिनं सांगितलं होतं! अठरा वर्षांच्या मधूनं कोर्टात फोटोचं खरं खरं सांगितलं होतं, आणि नंतर मोठी होता होता ती ते विसरली होती. त्याखाली मॅजिस्ट्रेटबाईंनी लिहिलं होतं, 'ही साक्षीदार खोटे बोलत आहे असे या न्यायालयास वाटत नाही. तिला जे वाटते ते ती खरेपणाने सांगत आहे. तथापि साक्षीदाराची खात्री हा पुरावा नव्हे.' मधुवंती मोठ्यानं हसली, गाडीत एकटीच, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जे शिकायला ती सातासमुद्रापलीकडच्या एका हॉलमध्ये जाऊन बसली होती, ते एका छोट्या कोर्टातल्या बाईनं तिच्याचविषयी, तिच्याच भाषेत, तिच्या पाठीमागं लिहून ठेवलं होतं. पार्किंगमधून फोर्कलिफ्ट गेली. चालकानं अंगठा वर करून 'ऑल गुड?' विचारलं. तिनं 'स्वीट ॲज', म्हणजे अगदी मजेत, अशी मान हलवली. मग तिनं दुसरं पान उघडलं, जे घाईत राहिलं होतं. साक्षीदार क्रमांक एक, फिर्यादी. आई. 'चोराचा चेहरा मी पाहिला नाही. न्यायालयात हजर असलेला इसम तोच आहे असे मी सांगू शकत नाही. यापूर्वीच्या जबाबात मी तसे सांगितले असल्यास ते माझ्या मुलीच्या सांगण्यावरून होते.'

पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजले होते. आईनं फोन उचलला. मागं कुकर होता.

"आई, तू कोर्टात फिरलीस?"

"कोण, मधू? कसलं फिरले?"

"मंगळसूत्राची केस. प्रमोदनं निकाल काढला. तू सांगितलंस की तू त्याला पाहिलंच नाही."

कुकरची एक शिट्टी झाली. आईनं गॅस बारीक केला असावा. "मग नव्हताच पाहिला," ती म्हणाली. "माझं सगळं लक्ष गळ्याकडं. तू इतक्या ठामपणे सांगत होतीस की मलाही दिसायला लागला होता. सगळ्यांना सांगत होते, होय होय, तोच. मग त्या दिवशी पिंजऱ्यात त्याला उभा केला आणि माझ्याकडं बघायला सांगितलं. बघितलं तर ओळखच लागेना. कुणातरी बाईचा मुलगा उभा होता. त्याची आई होती मागं बसलेली. सरकारी वकील नंतर काय ओरडला माझ्यावर! म्हणाला, बाई, तुम्ही फितूर झालात."

"आणि बाबा?"

"बाबा चार दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, पोरीला कळू द्यायचं नाही, तिचं मन मोडेल. मी म्हटलं, कळू दे की, काय होतंय. पण तू कराडला गेलेलीस. आणि नंतर तू ती गोष्ट इतकी रंगवून सांगायचीस, मधू. सगळे कौतुकानं ऐकायचे. म्हटलं, तो सुटलाय, आता हिच्या सांगण्यानं कुणाचं काय बिघडतंय."

"माझं बिघडत होतं, आई."

"हो. ते माझं चुकलं," आई अगदी सरळपणे म्हणाली. गाडीच्या काचेवर पावसाचे बारीक थेंब यायला लागले होते, आणि त्यांच्यापलीकडं गोदामांची पत्र्याची छपरं.

"प्रमोदला सांगते त्याला शोधायला," ती शेवटी म्हणाली. "मला त्याची माफी मागायचीय."

"तो बिचारा कामाचा खाडा करून तुझी माफी ऐकायला येणार होय? अकरा महिने गेले त्याचे. त्याला नाव ऐकून पुन्हा धसका बसेल. तुला मन मोकळं करायचंय, ते माझ्यापाशी कर. त्याच्यापाशी त्याला हवं असेल तर."

मधुवंतीला हे पटलं, आणि पटलं हे जाणवून तिच्या छातीत पुन्हा तीच धडधड सुरू झाली. ती काय करणार होती ते तिला अचानक लख्ख दिसलं. ती सगळं लिहून काढणार होती. तारखेसह, सहीसह, मी चुकले असं. फोटोचं, हवालदाराचं, खांद्याचं, टाळ्यांचंही. प्रमोद तो कागद ठेवील. कुणातरी तिऱ्हाइताकडून त्या माणसाला एकदाच विचारता येईल, असा एक कागद आहे, हवाय का. नको म्हणाला तर नको. आणि आईचा जबाब आधी हवा, कारण त्या दुपारी नीट पाहणारी, म्हणजे आपल्याला दिसलं नाही हे पाहणारी, ती एकटीच होती.

"आई, कुकर बंद कर," ती म्हणाली. "तुला वेळ आहे का? मला सगळं सांग. पहिल्यापासून."

"आता? आता काय सांगू? मला तर काहीच दिसलं नव्हतं."

"तेच सांग. काय काय दिसलं नाही ते." तिनं मागच्या सीटवरची वही ओढली, मांडीवर ठेवली, पेनाचं टोपण दातांत धरून काढलं आणि फोन स्पीकरवर टाकला. "मी लिहून घेतेय."

"तिथं युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात होय तुम्हाला?" आईनं विचारलं. गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला, मग खुर्ची ओढल्याचा. "मग लिही. स्कूटर होती, एवढं खरं. रंग मला माहीत नाही."